शिरेची आणि स्नायूची सोयरीक

"ताई, आमचं अजून पालथं पडत नाही हो. शेजारणीचं याच्याच बरोबरचं, ते तर रांगायला लागलं."

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी हे वाक्य कानावर आलं नाही असा महिना जात नाही. भीमेच्या या अंगाला दौंड तालुका, त्या अंगाला शिरूर. गावं बदलतात, पण लेकरांच्या आयांचा प्रश्न तोच असतो. आणि मागे बसलेल्या आजीचं उत्तरही ठरलेलं असतं, "चालंल की! ह्याचा बापबी दोन वर्साचा हून चालला." बहुतेक वेळा ही आजी बरोबरच असते. म्हणून तर तिच्या शब्दाला घरात वजन असतं. पण क्वचित एखाद्या वेळी ती चुकते. त्या एखाद्या वेळेबद्दल आज मला लिहायचं आहे. मात्र त्याआधी लेकराचा हात हलतो, मान सावरते, पाऊल पडतं, तेव्हा आत काय घडलेलं असतं ते जरा समजून घेऊ या. मी कला शाखेची. शीर, नस, रग हे सगळं माझ्या लेखी वर्षानुवर्षं एकच होतं. कामाच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून विचारून, वाचून हे गोळा केलं, आणि खरं सांगते, एखादी कादंबरी वाचावी तसं त्यात गुंतायला झालं.

आपण बोलताना ज्याला सरसकट 'शीर' म्हणतो, त्यात रक्त वाहून नेणारी नळी वेगळी आणि निरोप पोचवणारा मज्जातंतू वेगळा. हा तंतू म्हणजे एका पेशीचा लांबच लांब हात. पेशी राहते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, आणि तिचा हात पोचतो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंतच्या स्नायूत. मोठ्या माणसात ही लांबी चांगली मीटरभर भरते. पोटातल्या गर्भात मात्र सगळंच इवलंसं असतं. पाठीच्या कण्यापासून हाताच्या कोंबापर्यंतचं अंतर तांदळाच्या दाण्याएवढंही नसतं. तेव्हाच हे तंतू निघतात, वाट शोधत शोधत पुढे सरकतात आणि नेमक्या आपल्या स्नायूला जाऊन भिडतात. मांडीचा मांडीला, बोटाचा बोटाला. वाटेतल्या पेशी 'इकडे ये', 'इकडे नको' अशा रासायनिक खुणा करत असतात, त्या ओळखत तो जातो.

आठव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत गर्भाची हालचाल दिसू लागते. आपल्याला ती कळते फार उशिरा, चौथा महिना सरताना किंवा पाचव्यात. पहिलटकरणीला तर आधी वाटतं, पोटात गॅस झाला. पण ती फडफड म्हणजे या सोयरिकीची पहिली बातमी असते. शिरेने निरोप धाडला, स्नायूने तो ऐकला. नुसतं मांस तयार होऊन भागत नाही, त्याला बोलावणारं कुणी जोडलं गेलेलं असावं लागतं.

या सोयरिकीचं एक मोठं कोडं एका बाईने सोडवायला घेतलं, तेही घरातल्या झोपायच्या खोलीत बसून, कोंबडीच्या अंड्यांवर. रीटा लेवी-मोंताल्चिनी तिचं नाव. इटलीतल्या तुरिन शहरात १९०९ साली एका ज्यू कुटुंबात ती जन्मली. मुलींनी शिकून काय करायचं, संसारात अडचण होते, असं वडिलांचं मत. (सातासमुद्रापलीकडेही वडील सारखेच!) तिने हट्टाने परवानगी मिळवली आणि १९३६ साली डॉक्टर झाली. दोनच वर्षांत मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले. तिला विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. मग हिने काय करावं? आपल्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची बारीक शस्त्रं केली आणि उबवलेल्या अंड्यातल्या पिलाच्या पायाचा कोंब तेवढा काढून टाकून, त्या पायाकडे निघालेल्या तंतूंचं काय होतं ते पाहू लागली. बॉम्बहल्ल्यांमुळे शहर सोडून खेड्यात राहायला जावं लागलं, तर तिथेही सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन अंडी मागायची. प्रयोग झाला की उरलेल्या अंड्याचं घरात ऑम्लेट व्हायचं, हे तिच्या भावाला कळलं तेव्हा त्याने ते खायचं सोडलं म्हणतात!

तिला दिसलं ते असं. पायाचा कोंब नसला तरी मज्जापेशी तयार होतात, तंतूही निघतात. पण जिथे जायचं ते ठिकाणच नसल्याने त्या पेशी हळूहळू मरून जातात. म्हणजे शीर स्नायूला चालवते हे अर्धंच झालं. स्नायूही शिरेला जगवतो. पुढे ती अमेरिकेत गेली. तंतूंना जगवणारा, वाढवणारा एक पदार्थ तिने तिथे शोधून काढला आणि १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत तिला नोबेल मिळालं. १०३ वर्षांचं आयुष्य जगून २०१२ साली ती गेली. आपल्याकडे मुलींच्या शाळेत तिचा फोटो का लावत नाहीत, हे मला कळत नाही.

तर, तंतू स्नायूपाशी पोचला. तो त्याला चिकटत मात्र नाही. मध्ये एक फट राहते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी. तंतूच्या टोकातून एक रसायन त्या फटीत सुटतं. ॲसिटिलकोलिन त्याचं नाव. पलीकडे स्नायूवर ते झेलायला जागा तयार असतात. रसायन तिथे बसलं की स्नायू आखडतो. मग एक झाडूवाला पाचक पदार्थ येतो आणि ते रसायन साफ करतो, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी. हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक भागात होतं. तुम्ही हे पान उलटलंत तेवढ्यात किती वेळा झालं असेल, मोजता यायचं नाही.

ही फटीतली व्यवस्था जुळवतानाही दोन्ही बाजूंची बोलणी चालतात. स्नायू आपल्या मध्यभागी झेलायच्या जागांची आधीच थोडी जुळवाजुळव करून बसलेला असतो. तंतू आला की तो एक पदार्थ सोडून सांगतो, 'मी इथे टेकलोय, सगळं इथे आण.' मग विखुरलेल्या जागा त्याच्यासमोर गोळा होतात, बाकी ठिकाणच्या मावळतात.

जाता जाता सांगते, कांद्यावर, द्राक्षावर, उसावर मारायची जी काही जहाल कीटकनाशकं आहेत, त्यातली बरीचशी याच झाडूवाल्याला निकामी करतात. किडा त्यानेच मरतो. आणि फवारणाऱ्या माणसाला लाळ सुटते, अंग फडफडतं, पुढे हातपाय लुळे पडतात, श्वास अडकतो, तेही त्यानेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वाचलं होतं. पोटुशी बाई फवाऱ्याच्या पंपाजवळ दिसली की मी तरी भांडण काढते.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बाजरी पेरताना आपण दाणा हात राखून टाकत नाही, दाटच टाकतो. उगवली की विरळणी करतो. जोरदार रोप ठेवायचं, बाकीची उपटायची. शरीरही हेच करतं! आधी गरजेपेक्षा जास्त मज्जापेशी तयार होतात आणि बऱ्याचशा गर्भातच गळून जातात. ज्या उरतात त्याही सुरुवातीला गर्दी करतात. स्नायूच्या एकेका धाग्यावर दोन-दोन, चार-चार तंतू येऊन बसतात. मग त्यांची चढाओढ लागते. ज्याचे निरोप जोरकस आणि नेमाने येतात तो टिकतो, बाकीचे मागे सरतात. शेवटी एका धाग्याला एकच तंतू उरतो. उंदराच्या पिलांत ही विरळणी जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत उरकते. माणसाच्या बाळात तिला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आणि स्नायू जर हललाच नाही, तर ही विरळणी रखडते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणून बाळाचं ते उगाच पाय झाडणं उगाच नसतं. नवजात बाळाचे हातपाय कसे, एक हलवायला गेलं की सगळंच हलतं. वाऱ्यावरच्या फांदीसारखं. महिन्या-महिन्याला त्यात नेमकेपणा येत जातो. यात मेंदूची वाढ आहे, स्नायूंची आहे, आणि ही सोयरीक पक्की होत जाणं आहे. बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, दिवसातून थोडा थोडा वेळ त्याला पालथं ठेवावं, दुपट्यात हातपाय करकचून बांधून दिवसभर पाडून ठेवू नये, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. तेल लावणारी मावशी हवीच, तिच्या हातात माया असते. पण बाळाचे पाय डोक्याला लावणं, उलटं टांगणं हे तिला करू देऊ नका. आणि ते चाकांचं प्लॅस्टिकचं वॉकर! बाळ त्यात लवकर चालायला लागतं ही समजूत चुकीची आहे. उलट पडून, चुलीकडे घसरून लागायची भीती. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा. निदान तो धरायला बाळाला आधी आपल्या पायावर उभं राहावं लागतं.

एकदा जुळलेली ही सोयरीक तुटली तर पुन्हा जुळते का?

याचं उत्तर आपल्या गावागावांत चालतं-बोलतं आहे. पन्नाशी-साठीतला एखादा भाऊ, एखादी मावशी, एक पाय बारीक, गुडघ्यावर हात देऊन चालणारी. पोलिओने मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. पण शेजारच्या जिवंत राहिलेल्या तंतूंना नवे फुटवे येतात, खोडव्याला यावेत तसे, आणि ते निराधार झालेल्या स्नायूच्या धाग्यांना जाऊन जोडले जातात. म्हणून तापात लुळा पडलेला पाय पुढे वर्ष-दोन वर्षांत थोडाफार सुधारायचा. मात्र एकेका पेशीवर दुप्पट-चौपट भार. तो पंधरा-वीस-तीस वर्षांनी झेपेनासा होतो. तेव्हा पोलिओ झालेल्या व्यक्तीचं "आता पूर्वीसारखं होत नाही, दम लागतो" हे म्हणणं आळस म्हणून उडवून लावू नका. १९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या कितीजणी हे वाचत असतील! देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्त म्हटलं. त्यात तुमच्या हातचे दोन थेंब आहेत.

दुसरं उदाहरण मण्यारीचं. उसाचा पट्टा, जमिनीवर अंथरूण, पावसाळ्यातली रात्र. मण्यार चावली तर बरेचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तिचं विष नेमकं या फटीवर येऊन बसतं. झेलायच्या जागा तर अडवतंच, पण तंतूंची टोकंसुद्धा उद्ध्वस्त करतं. म्हणून वेळ गेला असेल तर नुसत्या प्रतिविषाने भागत नाही, रोग्याला काही दिवस यंत्राच्या श्वासावर ठेवावं लागतं. का? तर टोकं पुन्हा फुटून स्नायूला भिडेपर्यंत त्याला जगवायचं असतं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षं अशा रुग्णांवर उपचार केले आहेत. गर्भात जे एकदा घडलं, तेच मोठेपणी इस्पितळाच्या खाटेवर दुसऱ्यांदा घडतं. फक्त पेशी शाबूत हवी, आणि माणूस मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात पोचायला हवा.

पेशी शाबूत हवी, हे महत्त्वाचं. कारण एक आजार असा आहे, ज्यात ती पेशीच कमजोर जन्माला येते.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. दौंड तालुक्यातली एक वस्ती, दोन गुऱ्हाळं ओलांडून आत. लेकरू साडेचार महिन्यांचं. इतकं गोड की काय सांगू, डोळे टपोरे, माझ्याकडे एकटक बघून हसलं. "लई गुणाचं हाय," सासूबाई म्हणाल्या, "रडत बी न्हाई." रडत होतं, पण आवाजच बारीक होता. उचलायला गेले तर हातातून निसटतंय असं वाटलं, ओल्या कपड्यासारखं. मान मुळीच धरत नव्हतं. पाय बेडकासारखे फाकून पडलेले. श्वास घेताना छाती आत जायची, पोट वर यायचं. सून कोपऱ्यात उभी. तिचं आधीचं लेकरू सातव्या महिन्यात गेलेलं, 'डबा झाला' म्हणून. त्या वेळी पोटावर डाग दिले होते. आणि तेव्हापासून घरात, भावकीत एकच बोलणं. "हिच्या कुशीत लेकरू टिकत न्हाई."

पुण्याला नेलं. एका दवाखान्याने "टॉनिक द्या, वजन वाढलं की होईल" म्हणून पाठवून दिलं, त्यात तीन आठवडे गेले. दुसरीकडे मुलांच्या मेंदू-मज्जातज्ज्ञांनी बघताक्षणी ओळखलं, रक्ताची जनुकीय तपासणी केली. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एसएमए. साधारण दहा हजार बाळांमागे एकाला होतो. मज्जापेशींना तगून राहायला लागणारं एक प्रथिन या बाळांच्या अंगात पुरेसं बनत नाही. मग आधी तंतू आणि स्नायूची जोडणी सुटत जाते, नंतर पेशीच मरतात. फुटवे फुटायचे कुठून? बुद्धी मात्र तल्लख असते. ते एकटक बघणारे डोळे त्याचेच.

डॉक्टरांनी कागदावर चार रेघा ओढून घराण्याची झाडोळी काढली, आणि खोलीत शांतता पसरली. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो, ठणठणीत, स्वतःला पत्ताही नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. आता ही सून म्हणजे सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी केलेली, आपल्याकडे रीतच आहे ती. म्हणजे दोष बहुधा त्या बहीण-भावाच्या आई किंवा वडिलांपासून दोघांकडे उतरलेला. भावाकडून सुनेत, आणि बहिणीकडून, म्हणजे या सासूबाईंकडूनच, मुलात. त्या कागदाकडे बघत राहिल्या. "म्हंजी माझ्यातून बी आलं?" एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, यात कुणाचाच गुन्हा नाही." परतीच्या एसटीत, पाटस येईपर्यंत, त्यांनी सुनेचा हात हातात धरून ठेवला होता. त्या दिवसानंतर कुशीचं ते बोलणं त्या घरात मी ऐकलेलं नाही.

नात्यात लग्नं करू नका असं म्हटलं की गावात लोक चिडतात. शेतीवाडी, माणसं, विश्वास, सगळं त्यात गुंतलेलं असतं हे मलाही कळतं. एसएमए नात्याबाहेरच्या जोडप्यांतही होतो, त्याचे वाहक सगळ्या जातींत, सगळ्या समाजांत आहेत. पण एकाच आजोबाचं रक्त दोन्हीकडून आलं की तोच दोष समोरासमोर यायची शक्यता वाढते. हे गणित आहे, यात कुणाची रीत वाईट ठरवायचा प्रश्न नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण बघणाऱ्या घरांनी, कुटुंबात अशी लेकरं गेली असतील तर लग्नाआधी रक्ताची एक तपासणी का करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

औषधं आहेत का? आहेत, आणि हीच यातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना एकदाच द्यायचं जनुकीय इंजेक्शन आहे, त्याची किंमत सोळा कोटींच्या घरात. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणी जमवून ते आणलं, केंद्र सरकारने त्यावरचा कोट्यवधींचा कर माफ केला, तेव्हा या आजाराचं नाव घरोघर पोचलं. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं धोरणही २०२१ सालचंच. ठरवून दिलेल्या मोठ्या रुग्णालयांतून पन्नास लाखांपर्यंत मदत त्यात २०२२ पासून मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. रोज तोंडाने घ्यायचं एक औषध आहे, रिसडिप्लाम. त्याची एकेक बाटली सहा लाखांच्या आसपास पडायची. पेटंटवरून कोर्टात लढाई झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅटको या हैदराबादच्या कंपनीने तेच औषध १५,९०० रुपये छापील किमतीला बाजारात आणलं. मोठ्या मुलाला महिन्याला एकीहून जास्त बाटल्या लागतात, तेव्हा गुऱ्हाळावर राबणाऱ्याला हेही परवडणारं नाही. पण सहा लाख कुठे आणि हे कुठे! निदान मागणी करायला, कुणाचं तरी दार ठोठवायला जागा झाली.

आणि ही औषधं सुटलेली जोडणी पूर्ववत करत नाहीत, उरलेली टिकवतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं लेकराचं जास्त वाचतं. लक्षणं दिसायच्या आधीच औषध मिळालेली काही बाळं आपल्या पायांनी चालली आहेत. म्हणून ते टॉनिकचे तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या वस्तीवरचं बाळ मात्र कागदपत्रं पुढे सरकेपर्यंत थांबलं नाही. अकराव्या महिन्यात गेलं.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही घाबरवून सोडलंत. तसं नाही हो. उशीर आणि आजार यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली आकडे दिले, ते बघा. आधाराशिवाय बसणं, कुणी चौथ्या महिन्यात तर कुणी नवव्यात. एकट्याने चालणं, कुणी आठव्या महिन्यात तर कुणी साडेसतराव्या. काही लेकरं तर कधी रांगलीच नाहीत, सरळ उठून चालू लागली. तेव्हा शेजारणीच्या बाळाशी तुलना सोडा. पण चार महिने पुरे होऊन मान सावरत नसेल, नऊ-दहा महिन्यांचं होऊन बसत नसेल, दीड वर्ष उलटून पाऊल टाकत नसेल, तर आजीचं ऐकू नका. अंग ढिलं लागणं, रडण्याचा आवाज क्षीण असणं, दूध ओढताना धाप लागणं, आणि आधी करत होतं ते करायचं सोडून देणं, यात तर महिन्याचीही वाट बघू नका. दर वेळी एसएमएच निघेल असं मुळीच नाही. जन्मताना उशिरा रडल्याने मेंदूला झालेली इजा, थायरॉईड, कुपोषण, कारणं पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींवर साधे उपाय आहेत, व्यायाम आहेत, आणि तेही लवकरच करायचे असतात.

आपल्याला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं छापलेली असतात. बहुतेक घरांत ते कार्ड लसीच्या तारखांपुरतं उघडतं आणि ट्रंकेत जातं. ती चित्रं बघा. आशाताई घरी येते ती फक्त वजन लिहायला नव्हे, तिला हेही दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी "पाहुणे आलेत", "कांदा काढणी आहे" म्हणून लेकराला घरी ठेवू नका. पुढे तालुक्याला, जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी त्यांच्याकडूनच मिळते. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या बायांच्या लेकरांचं काय, हा प्रश्न राहतोच. कोप्यांवर ती झोळीत असतात, त्यांचं कार्ड गावाकडे राहिलेलं. आमच्या गटाने गेल्या दोन हंगामांत पथकाची गाडी कोप्यांपर्यंत न्यायचा प्रयत्न केला, कधी जमलं, कधी रस्त्यातल्या चिखलाने नाही जमलं.

त्या सुनेला २०२४ साली पुन्हा दिवस राहिले. या वेळी तिसऱ्या महिन्यातच पुण्याला जाऊन वारेचा अगदी लहान तुकडा काढून तपासणी केली. ही तपासणी फक्त आजारासाठी, मुलगा की मुलगी हे त्यात सांगत नाहीत आणि सांगितलं तर गुन्हा आहे, हे सासूबाईंनीच भावकीला ठणकावलं. निकालाला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे त्या घरात कुणी धड जेवलं नाही. बाळाला आजार नव्हता. मुलगी झाली, तिसऱ्या महिन्यात मान धरली, तेरा महिन्यांची असताना चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालली.

मागच्या आठवड्यात शिरूरच्या बाजारात मेथी घेत होते, तर एक अनोळखी बाई जवळ आली. कुणाकडून तरी ही हकीकत तिने ऐकलेली. तिच्या मुलीचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरत होतं, आणि आत्याचं एक लेकरू म्हणे लहानपणी 'असंच ढिलं' होऊन गेलेलं. "ताई, ती तपासणी कुठं करत्यात? दोघांचीबी करायची का? किती पैसं लागत्यात?" दोघांची करायची, म्हटलं. पुण्यात होते. आधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं, खर्च काही हजारांत येतो, आणि आत्यालाही बरोबर घ्यायचं, त्या लेकराचं वय, लक्षणं तिलाच आठवणार. तिने मेथीच्या कागदावर माझा फोन नंबर लिहून घेतला. सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही निघणार आहोत.